चिरोट्याचा चुलत भाऊ : सॉसेज रोल

सुरुवातीलाच एक खुलासा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ वगैरे मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घेतलंय असं समजून वाचा. दुसरा खुलासा, शाकाहारी मंडळींनी पान उलटू नये. त्यांची सोय पुढे आहे.

मी राहते खंडाळ्याला. खंडाळा म्हटलं की लोकांना 'गुलाम' पिक्चरमधलं गाणं आठवतं, चिक्की आठवते. मला डिसेंबर आठवतो, कारण आमच्या शेजारच्या आंटींकडून ख्रिसमसला सॉसेज रोलची प्लेट यायची. आंटी मूळच्या वसईच्या. त्यांच्या बहिणीचं सासर म्हापशाला, त्यामुळे तिथल्या शुक्रवारच्या बाजारातली चोरीसची माळ दरवर्षी त्यांच्याकडे येते. चोरीस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज. मिरची, लसूण, मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेलं, आतड्यात भरून वाळवलेलं. पोर्तुगीजांनी आणलेल्या पदार्थाचा हा गोव्यातला तिखट अवतार. रोल मात्र इंग्लंडचा. आंटींच्या किचनमध्ये दोघांचं जमलं.

गेल्या डिसेंबरमध्ये आंटी पडल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. मुलं परदेशात. "या वर्षी राहू दे," असं त्या म्हणाल्या, पण ज्या आवाजात म्हणाल्या ते ऐकून मी बोलून बसले, "आंटी, मी करते." टी.ई. मेकॅनिकलला आहे, एक रोल जमणार नाही का?

नाही जमला. पहिल्या ट्रेमधले रोल वरून छान तपकिरी, खालून चहात पडलेल्या पावासारखे. ट्रेमध्ये लाल तेलाचं तळं. आणि एक कापून बघितला तर आतलं सॉसेज कच्चंच.

आमच्या घरी पोर्क येत नाही. आजी तर माळकरी. पण शेजारीण एकटी म्हणून ती सोबतीला येऊन आंटींच्या ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, चोरीसच्या डब्यापासून लांब बसली होती. माझी पारी बोटाने उचलून ती म्हणाली, "अगं, साटा वितळलाय तुझा. गॅसजवळ लाटत होतीस ना?"

इथे माझी ट्यूब पेटली. पफ पेस्ट्री म्हणजे दुसरं काय? चिरोटेच! चिरोट्यात तूप आणि तांदळाच्या पिठीचा साटा पोळ्यांमध्ये लावतात, इथे मैद्याच्या घड्यांत बटर असतं. आपली बेकरीची खारी, पॅटीस, सगळं याच खानदानातलं. फरक इतकाच की चिरोटे तळतात आणि हे भाजतात.

आता थोडं थर्मो. बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये बटरचं आणि पिठाचं पाणी वाफ होतं, आणि एक ग्रॅम पाण्याची वाफ जवळजवळ १.७ लिटर जागा मागते. ही वाफ पदर वर ढकलते, तोवर मैदा भाजून कडक होतो आणि पदर तसेच उभे राहतात. पण यासाठी ओव्हनमध्ये जाईपर्यंत बटरचा थर सलग पाहिजे. बटर ३२ ते ३५ डिग्रीला वितळतं. लाटतानाच वितळलं तर ते मैद्यात मुरतं, पदर संपले आणि उरली तेलकट पोळी. बऱ्याच बेकऱ्या म्हणूनच बटरऐवजी जास्त तापमानाला वितळणारं मार्गरीन वापरतात. खंडाळ्याच्या डिसेंबरात त्याची गरज नाही. पावसाळ्यात मात्र हा उद्योग करू नका. आमच्याकडे जुलैत खारीसुद्धा डब्यातून बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत नरम पडते.

तर कृती. पाव किलो मैदा, १०० ग्रॅमची बटरची दोन पाकिटं, साधारण १२५ मिली बर्फाचं पाणी, चमचाभर व्हिनेगर. मीठ घालू नका, बटर खारं असतं. ५० ग्रॅम बटर मैद्याला चोळून, पाणी-व्हिनेगर घालून पीठ भिजवा, फार मळू नका. उरलेलं १५० ग्रॅम दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये ठेवून लाटण्याने चपटं करा, पिठात पाकिटासारखं बंद करा, लांब लाटा आणि पत्रासारखी तीन घड्यांची घडी घाला. असं पाच वेळा, आणि दर घडीनंतर अर्धा तास फ्रीजमध्ये. कंटाळा करू नका, मी केला होता.

तीनचा पाचवा घात, म्हणजे बटरचे २४३ थर. शेवटी पारी ४ मिलिमीटर जाड लाटली तर एका थराच्या वाट्याला मैद्यासकट १६ मायक्रॉन येतात. केसापेक्षा पातळ! मी हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग हलक्या हाताने लाट."

आता सारण, कारण माझी खरी चूक इथे होती. पारीला हवा कोरडेपणा आणि चोरीसमध्ये ठासून चरबी. शिवाय वरचं आवरण झालं म्हणजे आतलं झालं असं नाही. चोरीस मुरवलेलं असलं तरी कच्चंच असतं. ते आतपर्यंत ७१ डिग्रीला गेलंच पाहिजे, डुकराच्या मांसात धोका पत्करायचा नाही. म्हणून पाव किलो चोरीस आवरणातून काढून, कांदा घालून, तेलाशिवाय तव्यावर पूर्ण शिजवा. सुटलेलं लाल तेल वाटीत काढा (दुसऱ्या दिवशी अंड्याला, स्वर्ग!). दोन उकडलेले बटाटे कुस्करून मिसळा, ते उरलेलं तेल पितात. मग सारण पूर्ण गार करा. कोमट सारण भरलं की खालचं बटर वितळलंच समजा.

दहा सेंटिमीटर रुंद पट्ट्या, मध्ये सारण, कडेला पाणी लावून बंद. धारदार सुरीने बोट-बोट लांबीचे तुकडे. बोथट सुरीने कडा चिकटतात आणि पदर उघडत नाहीत. ओव्हन आधी १५ मिनिटं तापवून २०० डिग्रीला २० ते २५ मिनिटं. पहिली दहा मिनिटं दार उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

शाकाहारी मंडळींसाठी बटाटा, मटार, आलं-मिरची. आंटी दरवर्षी आजीसाठी हेच वेगळे करायच्या. मीही आजीचा ट्रे आधी, स्वच्छ ओव्हनमध्ये भाजला.

दुसऱ्या दिवशीचा चोरीसचा ट्रे आंटींनी डाव्या हाताने तपासला. वरून बघितलंच नाही, रोल उलटा केला आणि बुडावर नख वाजवलं. टक् असा आवाज आला. "जमलं गो बाय," म्हणाल्या आणि लगेच कुणाकुणाच्या घरी किती द्यायचे त्याची यादी सांगायला लागल्या.

उरलेले सहा मी डब्यात भरून लोणावळा लोकलने होस्टेलवर आणले. येईपर्यंत नरम पडले होते. रेक्टर सरांची माफी मागून सांगते, मेसच्या काकांनी कोरड्या तव्यावर, मंद आचेवर, झाकण न ठेवता पाच मिनिटं ठेवून दिले. परत कुरकुरीत झाले. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, चामडं होतं.