लवादावर श्रद्धा ठेवणारे एक दीर्घायुष्य

दोन वेळा हंगामी पंतप्रधान झालेले गृहस्थ, एवढीच गुलझारीलाल नंदा यांची ओळख स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी शिल्लक ठेवली आहे. मे १९६४ मध्ये नेहरूंच्या आणि जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रींच्या निधनानंतर त्यांनी प्रत्येकी जेमतेम दोन आठवडे कारभार सांभाळला. परंतु त्यांचे आयुष्य ४ जुलै १८९८ ते १५ जानेवारी १९९८, म्हणजे साडेनव्याण्णव वर्षांचे होते आणि त्यातील उमेदीची बहुतेक वर्षे त्यांनी एकाच प्रश्नाला वाहिली होती. मालक आणि कामगार यांच्यातील वाद बळाने सोडवायचा की पंचाच्या निवाड्याने? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे या प्रश्नाकडे, आणि नंदांनी त्याला दिलेल्या उत्तराकडे, पुन्हा पाहणे अगत्याचे आहे.

सियालकोटमध्ये जन्मलेल्या नंदांनी अलाहाबाद विद्यापीठात कामगारांच्या प्रश्नांवर संशोधन केले, १९२१ मध्ये मुंबईच्या नॅशनल कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले आणि पुढच्याच वर्षी ते अहमदाबादच्या मजूर महाजनाचे सचिव झाले. १९४६ पर्यंत ते त्या पदावर होते. या संघटनेला एक वारसा होता. १९१८ च्या गिरणी संपात कामगार ३५ टक्के वाढ मागत होते, तर मालक २० टक्क्यांवर अडून बसले होते. गांधीजींच्या उपोषणानंतर जो तोडगा निघाला तो मोठा विलक्षण होता. पहिल्या दिवशी कामगारांच्या मागणीप्रमाणे ३५ टक्के, दुसऱ्या दिवशी मालकांच्या शब्दाप्रमाणे २० टक्के आणि त्यानंतर पंचाचा निवाडा येईपर्यंत साडेसत्तावीस टक्के. दोन्ही बाजूंची प्रतिज्ञा राखली गेली आणि पंच आनंदशंकर ध्रुव यांनी अखेर ३५ टक्क्यांचा निवाडा दिला.

१९२० मध्ये या पद्धतीला कायमच्या लवाद मंडळाचे रूप मिळाले. कामगारांच्या वतीने गांधीजी आणि मालकांच्या वतीने मंगलदास गिरधरदास असे दोन पंच असत. दोघांचे एकमत न झाल्यास तिसऱ्याकडे जायचे. सचिव या नात्याने नंदा ज्या संघटनेचा कारभार पाहत होते, तिचे बळ तक्रारींच्या नोंदी, वेतनाचे हिशेब आणि महागाईचे आकडे यांत होते. आकडेवारी नीट मांडली, पंच निःस्पृह असला आणि दोन्ही बाजूंनी निवाडा मानला, तर संपाची वेळ येणारच नाही, ही नंदांची धारणा तेथे पक्की झाली.

अहमदाबादेत परस्परविश्वासातून उभी राहिलेली ही पद्धत कायद्याने साऱ्या प्रांतात रुजवता येईल काय? खरा पेच येथे सुरू झाला. १९३७ ते १९३९ या काळात नंदा मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळात कामगार खात्याचे संसदीय सचिव होते. त्या सरकारच्या औद्योगिक विवाद विधेयकाने, सलोख्याची प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप बेकायदा ठरवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, अशी त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांगे यांच्यासारखे कम्युनिस्ट नेते यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवून आणला. तरीही विधेयकाचा कायदा झालाच.

पुढे १९४६ मध्ये, नंदा प्रांताचे कामगारमंत्री असताना, मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. एका उद्योगात एकच ‘प्रतिनिधी संघटना’ आणि वाटाघाटीचा अधिकार तिलाच, ही त्याची चौकट होती. अहमदाबादेत ती शोभून दिसली, कारण तेथे संघटनेमागे कामगार खरोखरच उभा होता. मुंबईत मात्र हे नाते तुटले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली दोन लाखांहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता आणि ती देणारा हा कायदाच रद्द करा, ही त्यांची प्रमुख मागणी होती. कायद्याच्या लेखी ज्यांच्याशी बोलायचे ते आणि कामगारांनी ज्यांना नेते मानले ते, वेगळे होते. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

केंद्रातही नंदांच्या वाट्याला असाच अनुभव आला. जुलै १९५७ मध्ये, ते केंद्रीय कामगारमंत्री असताना भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन गरजेवर आधारावे असे एकमताने ठरवले. एका मिळवत्यामागे तीन उपभोग घटक, प्रत्येकी २,७०० उष्मांकांचा आहार आणि चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, असे नेमके निकष त्यात होते. पुढच्या वर्षी मालक व कामगार संघटनांनी स्वेच्छेने स्वीकारलेली शिस्तसंहिता आली. तीत स्वेच्छा लवादाला मानाचे स्थान होते. परंतु आपल्याच कर्मचाऱ्यांना गरजाधिष्ठित वेतन देण्याची वेळ येताच सरकारने हात आखडता घेतला. जुलै १९६० चा केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप त्यातूनच पेटला आणि सरकारने तो वटहुकमाच्या बळावर मोडून काढला. दुसऱ्यांना लवादाचा मार्ग दाखवणारे सरकार स्वतः मालक झाल्यावर त्या मार्गाने गेले नाही. १९५७ चे निकष मात्र टिकले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांत शिक्षण, औषधोपचार आदी खर्चासाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली.

नंदांनी अखेरची वर्षे अहमदाबादेत मुलीकडे अत्यंत साधेपणाने काढली. त्याच शहरातील गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडल्याचे त्यांच्या हयातीतच घडले. बंद गिरणीच्या दारात कोणता पंच कोणता निवाडा देणार? १९९७ मध्ये त्यांना भारतरत्न जाहीर झाले आणि काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले.

औद्योगिक संबंध संहितेत स्वेच्छा लवादाची तरतूद आजही आहे. त्याचबरोबर कोणत्याही आस्थापनेत संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस बंधनकारक आहे, सलोख्याची कार्यवाही चालू असताना संपाला मनाई आहे आणि ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटीकर्ती ठरते. १९३८ आणि १९४६ चे धागे यात स्पष्ट दिसतात. संपाचे दार अरुंद करायचे असेल, तर निवाड्याचे दार तितकेच रुंद, जलद आणि विश्वासार्ह असावे लागते. अहमदाबादेतील लवाद चालला तो पंचांच्या चारित्र्यावर आणि संप करण्याची ताकद असूनही थांबलेल्या कामगारांच्या संयमावर. ती ताकदच काढून घेतली, तर उरतो तो संयम नव्हे, नाइलाज असतो. नंदांच्या दीर्घायुष्याने हे दोन्ही पाहिले. त्यांच्या कायद्यांचे वारसदार त्यातले काय उचलतात, यावर नव्या संहितेचे भवितव्य अवलंबून आहे.