मोबाइलचा आयसी बदलताना : हुनर आणि इमान

दहावी-बारावीनंतर पुढचे शिक्षण जमत नसेल, तर मुलाला मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात बसवावे, असे आपल्या अनेक घरांत सहज म्हटले जाते. मुलगा डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक बदलायला शिकतो, थोडे पैसे घरी आणतो आणि तिथेच थांबतो. पण ही कामे आता गल्लोगल्ली होतात. टिकाऊ हुनर त्यापुढच्या पायरीवर आहे : बोर्डावरचा बिघडलेला आयसी काढून दुसरा बसवणे. ही पायरी चढायला वेळ लागतो. तो वेळ मुलाला द्यायचा की नाही, हे बहुतेक वेळा आपण मोठी माणसेच ठरवतो. म्हणून हे काम काय आहे, ते आपणही समजून घेऊ या.

चार्जिंग, पॉवर, आवाज असे एकेक काम सांभाळणारे हे काळे चौकोनी तुकडे, त्यांतले बरेचसे नखाहून लहान. अनेकांना पाय दिसतच नाहीत. खालच्या बाजूला डाखेचे बारीक मणी ओळीने असतात. तिथे साध्या सोल्डरिंग आयर्नचे टोक पोहोचत नाही. त्यामुळे हॉट एअर गनने वरून गरम हवा द्यावी लागते. शिसे असलेली नेहमीची डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळते. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध आणले आणि बिनशिशाची डाख रूढ झाली. तिला सुमारे २१७ अंश लागतात. उष्णता कमी पडली आणि आयसी ओढला, तर बोर्डावरचे तांब्याचे ठिपके उखडतात. जास्त झाली, तर बोर्ड फुगतो किंवा शेजारचे बारीक भाग जागेवरून हलतात.

कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकतो, तेव्हाच कथील नीट चढते. इथे तेच काम फ्लक्स करतो. आधी बॅटरीची जोडणी काढायची, आयसीच्या कोपऱ्यातला ठिपका कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो घ्यायचा, शेजारच्या भागांवर उष्णता सोसणारी टेप लावायची. मग फ्लक्स लावून गन गोल गोल फिरवायची. चिमट्याने हलकेच स्पर्श करताच आयसी हलला, तरच उचलायचा. जुनी डाख तांब्याच्या जाळीने टिपून जागा साफ करायची. नव्या आयसीला मणी नसतील, तर स्टेन्सिलवर सोल्डर पेस्ट पसरून ते तयार करायचे. याला रीबॉलिंग म्हणतात. ठिपका जुळवून पुन्हा उष्णता दिली की वितळलेली डाख आयसीला स्वतःच जागेवर ओढून घेते. बोर्ड आपोआप थंड होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

हे व्हिडिओ पाहून कळते, पण हातात येत नाही. चांगला उस्ताद शागिर्दाला आधी मेलेले बोर्ड देतो, मल्टिमीटरने दोष शोधायला शिकवतो, पाय दिसणारे आयसी काढायला लावतो आणि मगच ग्राहकाच्या फोनला हात लावू देतो. या काळात कमाई जवळजवळ नसते. "इतके महिने झाले, पैसे कुठे आहेत?" असे घरातून रोज ऐकू आले, तर मुलगा काम अर्धवट सोडतो. बीएडच्या दोन वर्षांत आपण कमाई विचारत नाही; मग इथेच घाई का? मात्र खोलीत हवा खेळती आहे ना, धूर बाहेर जातो ना, मुलगा हात धुऊन जेवतो ना, हे जरूर विचारावे.

आता इमानाची गोष्ट. सुटलेल्या आयसीला नुसता शेक दिला, तरी कधी कधी फोन काही दिवस चालतो. शेक देऊन नव्या आयसीचे पैसे घेतले, तर ग्राहकाला ते कळणारही नाही. बाजारात धान्याच्या राशीत हात घातल्यावर आतला माल ओला लागला, तेव्हा पैगंबर मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला तो वर का ठेवला नाहीस असे विचारले होते, ही हदीस आपण मुलांना सांगतो. बोर्ड पत्र्याच्या झाकणाखाली असतो, तिथेही हीच हदीस लागू आहे. काय केले ते बिलावर लिहावे, काढलेला आयसी ग्राहकाला दाखवावा. स्टोरेजचा आयसी बदलताना फोटो आणि नंबर जातात, हे काम घेण्यापूर्वीच सांगावे.

ग्राहकाचा फोन ही अमानत आहे. त्यात एखाद्या घरच्या बायका-मुलींचे फोटो असतात. चाचणीसाठी लागेल तेवढेच उघडावे. सिम आणि मेमरी कार्ड आधीच परत द्यावे. याच कारणाने अनेक भगिनी आपला फोन एखाद्या मुलीकडे निर्धास्तपणे देतील. बारीक भरतकाम करणाऱ्या, मेंदीच्या कोनाने नाजूक नक्षी काढणाऱ्या आपल्या मुलींना हे काम कठीण नाही. घरातली एक खिडकीजवळची जागा, टेबल आणि भिंग यांपासून सराव सुरू करता येतो.

या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला एखाद्या चांगल्या कारागिराकडे घेऊन जा, तासभर शेजारी बसून काम पाहा, आणि मग निर्णय घ्या. अल्लाह आपल्या मुलांच्या हाताला हुनर आणि रोजीला बरकत देवो. आमीन.