सीमेवरील शाळा आणि समाजाचा अभ्यास

इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे तीन विषय एकत्र गुंफून त्यांना ‘सामाजिक अध्ययन’ हे नाव देण्यात आले, तेव्हा त्यामागे एक साधी अपेक्षा होती. मूल ज्या समाजात जन्मले तो समाज त्याला कळावा आणि पुढे त्यात त्याला डोळसपणे वागता यावे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ शाळांतून हा विषय प्रश्नोत्तरांच्या वहीपलीकडे गेलेला नाही. सनावळ्या, नद्यांची नावे आणि ग्रामपंचायतीची कर्तव्ये पाठ करावयाची, परीक्षेत उतरवून काढावयाची आणि उन्हाळी सुटीत विसरून जावयाची, असा क्रम रूढ झाला आहे. तो कोणत्या साधनांनी बदलता येईल, हे पांढुर्णा व सौसर या भागाच्या उदाहरणाने समजून घेणे उद्बोधक ठरेल.

सातपुड्याच्या दक्षिण अंगाला असलेल्या या दोन तहसिली पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. राज्य मध्य प्रदेश, राज्यकारभाराची भाषा हिंदी, परंतु पुष्कळ घरांतून बोलली जाते ती मराठी. मोठ्या कामासाठी माणसे नागपूरची वाट धरतात आणि सोयरीकही सीमेपलीकडे होते. अशा मुलाला भोपाळचा इतिहास एका पुस्तकात सापडतो, पुण्याचा दुसऱ्या पुस्तकात. त्याचे स्वतःचे गाव मात्र दोन्हीकडे समासाबाहेर राहते. आपल्या गावाला इतिहास नाही, अशी समजूत लहानपणीच मनात घर करून बसली, तर ती पुढे सहसा जात नाही. या भागातील शाळेला स्थानिक साधनांची गरज अधिक आहे ती याचसाठी.

पहिले साधन घरच्या पेटीतच असते. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याकडे जमिनीचा खसरा असतो, तर पलीकडे काटोल किंवा नरखेडला दिलेल्या त्याच्या बहिणीच्या घरी सातबारा असतो. नावे झाकून हे दोन उतारे वर्गात शेजारीशेजारी मांडावेत. माती तीच, पीक तेच, नातेही एकच; मग कागद निराळे का? हा प्रश्न मुलांच्या तोंडून आला की धडा सुरू झाला असे समजावे. उत्तर शोधता शोधता मुले १ नोव्हेंबर १९५६ या दिवसापाशी येतात. त्या दिवशी राज्यपुनर्रचना अंमलात आली, नागपूर-विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि पलीकडच्या प्रदेशाला आजचे नाव मिळाले.

तेथून मागे जाण्यासाठी एक लांब दोरी पुरते. एका वितीला दहा वर्षे धरून तिच्यावर गाठी माराव्यात. आजपासून सुमारे सात वितींवर १९५६ ची गाठ येते. आजोबांचा जन्म बहुधा तिच्याच आसपास निघतो. सतरा वितींवर १८५४ साल येते, ज्या वर्षी नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. बत्तीस वितींवर १७०२ साल येते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने नागपूर वसविले ते त्या सुमारास. देवगडचा किल्ला आजही छिंदवाडा जिल्ह्यातच आहे. ज्या शहराकडे मुले मोठे शहर म्हणून पाहतात, ते आपल्याच बाजूच्या डोंगरातील राजाने वसविले, हे दोरीवर बोट ठेवून कळले म्हणजे इतिहास दुसऱ्याचा राहत नाही.

भूगोलाचे साधन पायाखाली आहे. मँगनीज धारण करणाऱ्या येथील अतिप्राचीन खडकांच्या समूहाला भूगर्भशास्त्रज्ञांनी ‘सौसर’ हेच नाव दिले आहे. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा व बालाघाटपर्यंत हा समूह पसरला आहे. मुलांनी गोळा केलेले दगड वजन, रंग आणि कठीणपणा यांनुसार मांडून ठेवले, तर शाळेचे संग्रहालय एका फळीवर उभे राहते.

अर्थव्यवहार शिकविण्यास संत्र्याची बाग पुरेशी आहे. अंबिया आणि मृग हे दोन बहार मुलांना तोंडपाठ असतात. परंतु झाडावरचे फळ शहरातल्या गिऱ्हाइकापर्यंत जाताना त्याच्या किमतीत कोणाकोणाचा वाटा पडतो, हे त्यांनी कधी मांडून पाहिलेले नसते. एका गटाने बागवानाला विचारावे, दुसऱ्याने तोडणीच्या मजुराला, तिसऱ्याने व्यापाऱ्याला आणि चौथ्याने मालमोटारीच्या चालकाला. चारही उत्तरे फळ्यावर एकत्र आली की बाजार म्हणजे काय ते व्याख्येविना कळते. मात्र कोणत्याही मुलाच्या घरचे उत्पन्न वर्गात उघड होणार नाही, याची काळजी शिक्षकाने घ्यावी.

सर्वांत अवघड धडा गोटमारीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, आणि ते मिळविण्यासाठी पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवरून दगडांचा मारा होतो. दरवर्षी अनेक जण जखमी होतात. मृत्यूही घडले आहेत. वर्गात दोन्ही काठांची मुले बसलेली असतात, म्हणून हा विषय टाळण्याकडेच कल असतो. परंतु टाळलेला विषय मुले रस्त्यावर शिकतात. येथे शिक्षकाने प्रवचन करू नये. पुरावा तपासण्यास शिकवावे. एक कथा दोन काठांवरील तरुण-तरुणीच्या प्रेमाची आहे, दुसरी जुन्या काळच्या लढाईशी नाते जोडते. आख्यायिका कोणती, लिखित नोंद कोणती, प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष कोणती, हे मुलांनी वेगळे करावे. देवीवरील श्रद्धा, गावाचा अभिमान, जखमींची संख्या आणि कायदा यांची बाजू स्वतंत्रपणे मांडून मग आपले मत कारणांसह लिहावे. उद्या याच मुलांना हातात दगड घ्यावयाचा की नाही, हे ठरवावयाचे आहे. तो निर्णय विचारपूर्वक व्हावा, याहून मोठे नागरिकशास्त्र कोणते?

हे विचार अगदी नवे नाहीत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यानंतर झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात सामाजिक अध्ययनाला स्थान होते आणि शिक्षण मातृभाषेतून व मुलाच्या परिसराशी जोडून देण्याचा आग्रह होता. वर्धा आणि छिंदवाडा त्या वेळी एकाच प्रांतात होते. पुढे मध्य प्रदेशातच, १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ या संस्थेने मोजक्या शासकीय शाळांत सामाजिक अध्ययनाची नवी पुस्तके चालविली. गोष्टी, चित्रे, नकाशे आणि मुलांना स्वतः विचार करावयास लावणारे प्रश्न हा त्यांचा गाभा होता. विशेष म्हणजे परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती. कारण तपासावयाची होती ती समज, पाठांतर नव्हे. २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला.

त्या अनुभवातून एक गोष्ट निश्चित दिसते. नवी पद्धत टिकते ती साधनांच्या संख्येवर नव्हे, तर परीक्षेच्या प्रश्नावर. वर्षभर मुलांनी बागा पाहिल्या, उतारे वाचले, दोरीवर शतके मोजली आणि शेवटी प्रश्न आला तो केवळ सनाचा, तर पुढच्या वर्षी पालकच वही मागतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. म्हणून आरंभ लहान असावा. घटक चाचणीत एक तरी प्रश्न असा घालावा, ज्याचे उत्तर पुस्तकात नसून गावात आहे. एवढे करण्यास दोरी, खडू, चार दगड आणि दोन जुने कागद पुरतात. शिक्षकाजवळ उरली पाहिजे ती मुलाचा प्रश्न अखेरपर्यंत ऐकून घेण्याची सवड.