सांधा ढिला, ठिणगी दुबळी

जुन्या बनावटीची मोटार कधी कधी मोठी विचित्र वागते. सकाळी एका झटक्यात सुरू होते. पण इंजिन तापले की आचके देऊ लागते आणि नेमकी चढावर बंद पडते. बोनेट उघडून थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू! अशा वेळी ‘कॉइल गेली’ असा निकाल देऊन नवी कॉइल बसवली जाते. पुष्कळदा दोष मात्र कॉइलच्या स्क्रूखालील ढिल्या, गंजक्या तारेत असतो. तो ओळखायला शाळेतला ओहमचा नियम पुरतो.

प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर अशा गाड्यांच्या जुन्या इग्निशन कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळ्यात जाड तारेचे थोडे वेढे, तर दुय्यम वेटोळ्यात बारीक तारेचे हजारो वेढे. बॅटरीचा प्रवाह प्राथमिक वेटोळ्यातून ‘सीबी पॉइंट’मार्गे वाहतो. इंजिन फिरताना हे पॉइंट उघडतात व प्रवाह एकाएकी तुटतो. गाभ्यातील चुंबकीय क्षेत्र लोप पावते आणि फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या प्रवर्तनाच्या तत्त्वानुसार दुय्यम वेटोळ्यात दहा हजारांहून अधिक व्होल्ट दाब निर्माण होतो. तोच स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पाडतो.

ठिणगीची ऊर्जा येते कोठून? चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जाच ठिणगीला मिळते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बॅटरी १२ व्होल्टची आणि प्राथमिक वेटोळ्याचा रोध ३ ओहम धरू. प्रवाह झाला ४ अँपिअर. आता गंजामुळे सांध्यात १.५ ओहम रोध आला. एकूण रोध ४.५ ओहम, म्हणून प्रवाह सुमारे २.७ अँपिअर. प्रवाह दोनतृतीयांश राहिला. पण ऊर्जा उरली चारनवमांश, म्हणजे निम्म्याहूनही कमी! शिवाय पॉइंट मिटलेले असताना त्या सांध्यात १० वॅटच्या वर शक्ती उष्णतेत खर्च होते. सांधा तापतो, अधिक गंजतो, रोध आणखी वाढतो.

तपासताना एक फसगत संभवते. पॉइंट उघडे असताना कॉइलच्या स्क्रूपासून चॅसीपर्यंतचा दाब मोजला तर व्होल्टमापक पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो! कारण त्या वेळी प्रवाह जवळजवळ शून्य असतो; आणि प्रवाह नाही तर रोधावर दाबही खर्च होत नाही. म्हणून सांध्याची परीक्षा प्रवाह वाहत असतानाच घ्यावी. स्विच बंद व गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, पॉइंट मिटतील इतके इंजिन हाताने फिरवावे. मग स्विच चालू करून व्होल्टमापकाचे एक टोक तारेवर व दुसरे कॉइलच्या स्क्रूवर टेकवावे. चांगल्या सांध्यावर काटा शून्यापासून जेमतेम हलतो. वरच्या उदाहरणात मात्र तो ४ व्होल्ट दाखवील. वाचन होताच स्विच बंद करावा. नाहीतर कॉइल तापते.

दुरुस्ती अगदी साधी आहे. बॅटरीची ऋण तार सोडावी. सांधा उघडून तारेचे टोक, स्क्रू व वॉशर पॉलिश कागदाने चकचकीत करावेत. आतले तंतू तुटले असतील तर तार थोडी कापून नवे टोक घट्ट दाबून बसवावे, नट आवळावा आणि पुन्हा मोजावे. सगळे सांधे ठीक असूनही दोष राहिला, तर मात्र कॉइल किंवा कंडेन्सरवर संशय घ्यावा.

हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. इंजिन चालू असताना कॉइलच्या जाड तारेला हात लावू नका आणि जवळपास पेट्रोलची गळती नाही याची आधी खात्री करा.

शिक्षकांना हे वर्गातही दाखवता येईल. टॉर्चचा सेल आणि बल्ब यांच्यामध्ये पेन्सिलीतील शिशाची कांडी जोडा. बल्ब मंद होईल. बल्ब काढून त्या जागी व्होल्टमापक लावा. तो जवळजवळ पूर्ण दाब दाखवील. बल्ब परत लावून कांडीच्या दोन टोकांमधील दाब मोजा, म्हणजे हरवलेले व्होल्ट कोठे गेले ते कळेल.