प्रवास थांबलेला हंगाम

बेर्गामो हे उत्तर इटलीतलं जेमतेम सव्वा लाख वस्तीचं शहर. १९ फेब्रुवारी २०२० रोजी हे शहर आणि भोवतालच्या गावांतले मिळून सुमारे चाळीस हजार लोक मिळेल त्या वाहनाने पन्नासेक किलोमीटरवरच्या मिलानला गेले. त्यांचा क्लब अटलांटा १९०७ साली स्थापन झालेला. पण चॅम्पियन्स लीगमध्ये तो आयुष्यात पहिल्यांदाच खेळत होता. साखळीतले पहिले तिन्ही सामने हरूनही तो बाद फेरीत पोहोचला होता. बेर्गामोचं मैदान युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे युएफाच्या, निकषांत बसत नव्हतं, म्हणून घरचे सामने मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर होत. त्या रात्री तिथे ४४,२३६ प्रेक्षक होते. अटलांटाने स्पेनच्या व्हॅलेन्सियाला ४-१ असं हरवलं. लोक चार वेळा एकमेकांच्या गळ्यात पडले, घसा बसेपर्यंत ओरडले आणि रात्री उशिरा पुन्हा गर्दीतूनच घरी परतले.

दोन दिवसांच्या आत त्याच लोम्बार्दी प्रांतातल्या कोदोन्यो गावात कोरोनाचा स्थानिक संसर्ग झालेला पहिला रुग्ण सापडला. महिनाभराने, १८ मार्चला, बेर्गामोतून लष्करी ट्रकांची रांग बाहेर पडली. शहरातल्या दहनगृहाची क्षमता संपली होती, त्यामुळे शवपेट्या दुसऱ्या शहरांत न्याव्या लागत होत्या. इटालियन वृत्तपत्रांनी सान सिरोवरच्या त्या लढतीला ‘सामना शून्य’ म्हणायला सुरुवात केली. विषाणू त्या भागात आधीपासूनच फिरत होता, त्यामुळे सगळा दोष एका सामन्यावर टाकणं बरोबर नाही. पण आनंदाच्या त्या रात्रीने त्याला वाट मोकळी करून दिली, हेही नाकारता येत नाही.

चॅम्पियन्स लीग महासाथीच्या तावडीत इतक्या सहज का सापडली, हे समजायचं तर ती कशावर उभी आहे ते पाहायला हवं. १९५४ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सने हंगेरीच्या होनव्हेद संघाला हरवलं आणि इंग्लिश वृत्तपत्रांनी वुल्व्ह्जना जगज्जेते ठरवून टाकलं. पॅरिसच्या ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकातले गाब्रिएल अनो यांना ते पटलं नाही. जगज्जेतेपद सांगायचं तर मॉस्कोला जा, बुडापेस्टला जा, तिथे जिंकून दाखवा, असा त्यांचा मुद्दा होता. त्यातूनच युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा जन्माला आली. पहिला सामना ४ सप्टेंबर १९५५ रोजी लिस्बनमध्ये झाला. स्पोर्टिंग आणि बेलग्रेडचा पार्टिझान यांनी ३-३ अशी बरोबरी केली.

विमानप्रवास आवाक्यात आला आणि मैदानांवर प्रकाशझोत लागले, म्हणूनच आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री परदेशात जाऊन खेळणं शक्य झालं. प्रत्येक लढत दोन सामन्यांची, एक आपल्या मैदानावर आणि एक परक्या. परक्या मैदानावरचा गोल बरोबरीच्या वेळी जास्त मोलाचा, हा नियमही पुढे आला. दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या लोकांसमोर तुम्ही कसे उभे राहता याची परीक्षा म्हणजे ही स्पर्धा. तिने या प्रवासाची किंमतही मोजलेली आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी बेलग्रेडचा सामना आटोपून परतणाऱ्या मँचेस्टर युनायटेडचं विमान म्युनिकला कोसळलं आणि २३ जण गेले. त्या वर्षीही स्पर्धा पूर्ण झाली. १९९२ मध्ये नाव बदलून चॅम्पियन्स लीग झालं, संघ वाढले, पैसा कितीतरी पटींनी वाढला. पण मोसमाच्या मध्यात ती कधी थांबली नव्हती. २०१९-२० चा हंगाम तिचा पासष्टावा होता.

मार्चचा दुसरा आठवडा मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १० मार्चला अटलांटा परतीच्या लढतीसाठी व्हॅलेन्सियाला गेला. मेस्ताया स्टेडियम रिकामं होतं. योसिप इलिचिच या उंच, काहीशा संथ चालीच्या स्लोव्हेनियन खेळाडूने एकट्याने चार गोल केले. त्यातले दोन पेनल्टीवर होते. अटलांटा ४-३ असा जिंकून उपांत्यपूर्व फेरीत गेला. क्लबच्या इतिहासातली ही तोवरची सर्वांत मोठी रात्र, आणि ती पाहायला मैदानात आपलं माणूस एकही नव्हतं. सामना संपल्यावर खेळाडूंनी बेर्गामोला धीर देणारा संदेश लिहिलेला शर्ट कॅमेऱ्यासमोर धरला. आपण त्या वेळी स्वतःच आजारी होतो, हे प्रशिक्षक जान पिएरो गॅस्पेरिनी यांनी नंतर सांगितलं. व्हॅलेन्सिया क्लबच्या खेळाडू आणि कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ३५ टक्के जण पुढे बाधित निघाले. व्हॅलेन्सियाची तिकिटं काढून बसलेल्या बेर्गामोच्या पाठीराख्यांनी परत मिळालेले पैसे शहरातल्या रुग्णालयाला दिले. क्लबवरचं प्रेम म्हणजे नेमकं काय, हे मला त्या हंगामातल्या कुठल्याही गोलापेक्षा या एका कृतीतून जास्त कळतं.

दुसऱ्या दिवशी, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाला महासाथ घोषित केलं. त्याच संध्याकाळी लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवर गतविजेता लिव्हरपूल आणि ॲटलेटिको माद्रिद यांचा सामना ५२,२६७ प्रेक्षकांसमोर झाला. माद्रिदमध्ये शाळा बंद झाल्या होत्या, स्पेनमधले सामने रिकाम्या मैदानावर खेळवायचं ठरलं होतं. म्हणजे माद्रिदच्या माणसाला आपल्या शहरात सामना पाहता येत नव्हता; पण विमानाने लिव्हरपूलला जाऊन पाहता येत होता. असे सुमारे तीन हजार लोक गेले. सामना जादा वेळेत गेला, ॲटलेटिकोने ३-२ असा जिंकला. या सामन्यामुळे ४१ जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज नंतर एका अभ्यासात मांडला गेला. पॅरिसमध्ये त्याच रात्री पॅरिस सेंट जर्मेन आणि डॉर्टमुंड रिकाम्या स्टेडियममध्ये खेळले खरे. पण हजारो लोक स्टेडियमच्या बाहेर गर्दी करून उभेच होते.

सान सिरो आणि ॲनफिल्डवरच्या सामन्यांना एका मापाने मोजू नये. १९ फेब्रुवारीला कुणालाच कल्पना नव्हती. ११ मार्चला बेर्गामोचं काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, तरी ॲनफिल्डची दारं उघडली. ती बंद ठेवण्याचा अधिकार सरकारकडे होता, युएफाकडेही होता. प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं. या हंगामातला खरा अपराध कुठे झाला असेल तर तो इथे.

पुढचं भराभर घडलं. युव्हेंटसचा बचावपटू दानिएले रुगानी बाधित निघाला, रेआल माद्रिदचा संघ विलगीकरणात गेला. १३ मार्चला युएफाने सगळे सामने पुढे ढकलले, १७ मार्चला युरो स्पर्धाच एक वर्षाने लांबवली. ३० मे रोजी इस्तंबूलच्या अतातुर्क स्टेडियमवर ठरलेला अंतिम सामनाही पुढे ढकलला गेला. फ्रान्सने एप्रिलअखेर आपली लीग गुंडाळून टाकली, तर जर्मनीने १६ मे रोजी रिकाम्या मैदानांवर सुरू केली. ज्या स्पर्धेला सगळ्या देशांच्या वेळापत्रकांवर तोलून उभं राहायचं असतं, तिच्यासाठी ही मोठीच अडचण होती.

१७ जूनला तोडगा जाहीर झाला. शेवटचे आठ संघ लिस्बनला जातील, दोनच मैदानं, लुझ आणि आल्व्हालाद. लढत एकाच सामन्याची, प्रेक्षक नाहीत. १२ ते २३ ऑगस्टमध्ये सगळं संपवायचं. ज्या लिस्बनमध्ये ही स्पर्धा सुरू झाली तिथेच ती वाचवण्याची पाळी आली. पण संघटकांच्या मनात इतिहास असण्याचं कारण नव्हतं. एकाच शहरात दोन उत्तम मैदानं आणि राहण्याची सोय होती, त्याचं मोल त्या वेळी अधिक होतं. नियम कडक होते. वारंवार चाचण्या, संघ हॉटेलात बंद, पाच बदली खेळाडूंची मुभा. निघण्याआधीच ॲटलेटिकोचे दोन खेळाडू बाधित निघाले आणि मागे राहिले.

त्याआधी ७ आणि ८ ऑगस्टला उरलेल्या चार परतीच्या लढती उरकल्या. लियॉनने युव्हेंटसला परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमावर बाहेर काढलं आणि युव्हेंटसने दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक माउरिझियो सारी यांना घरी पाठवलं.

लिस्बनमध्ये पहिलीच लढत अटलांटा विरुद्ध पॅरिस. इलिचिच त्या उन्हाळ्यात खेळण्याच्या मनःस्थितीत नव्हता, तो आला नाही. २७ व्या मिनिटाला मारिओ पाशालिचने गोल केला आणि ९० व्या मिनिटापर्यंत बेर्गामोचा संघ उपांत्य फेरीत होता. मग मार्किन्यॉसने बरोबरी केली आणि भरपाई वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला चुपो-मोटिंगने सामना फिरवला. दोन सामन्यांची लढत असती तर अटलांटाला आठवडाभराने आपल्या लोकांसमोर पुन्हा उभं राहता आलं असतं. त्या वर्षी अशी संधी कुणालाच नव्हती, आणि मला या नव्या पद्धतीचा जाच सर्वांत जास्त इथे जाणवतो.

१४ ऑगस्टला बायर्न म्युनिकने बार्सिलोनाला ८-२ असं चिरडलं. शेवटचे दोन गोल फिलिपे कुटिन्योचे, आणि तो बार्सिलोनाकडूनच बायर्नकडे उसना आलेला खेळाडू! रिकाम्या स्टेडियममध्ये एरवी ऐकू न येणाऱ्या हाका टीव्हीवर स्पष्ट येत होत्या. चेंडू गेला की बायर्नचे खेळाडू एकमेकांना ओरडून पुढे ढकलत होते आणि समोरचा संघ गप्प होता. लोकांचा गोंगाट असता तर हा फरक झाकला गेला असता. पराभवानंतर बार्सिलोनाने प्रशिक्षक बदलला आणि दहा-बारा दिवसांत लिओनेल मेस्सीने क्लब सोडायची इच्छा लेखी कळवली. बाकी निकाल थोडक्यात सांगायचे तर लायपझिगने ॲटलेटिकोला, लियॉनने मँचेस्टर सिटीला हरवलं. उपांत्य फेरीत पॅरिस आणि बायर्न दोघेही ३-० ने जिंकले.

२३ ऑगस्टचा अंतिम सामना लुझ स्टेडियमवर झाला. बायर्नचे प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांनी संघात एकच बदल केला. पेरिशिचच्या जागी किंग्स्ले कोमान. हा मुलगा पॅरिसचा, पॅरिस सेंट जर्मेनच्याच अकादमीत वाढलेला. सोळाव्या वर्षी त्याच क्लबकडून पहिला सामना खेळून पुढच्या वर्षी निघून गेलेला. पूर्वार्धात पॅरिसच्या नेमारचा फटका गोलरक्षक मानुएल नॉयरने पायाने अडवला, बायर्नच्या लेवांडोव्हस्कीचा खांबावर आदळला. ५९ व्या मिनिटाला योशुआ किमिखने उजवीकडून चेंडू उचलून दूरच्या खांबाकडे टाकला. पॅरिसचा बचावपटू केरर कोमानच्या पुढे राहिला, कोमान मागे मोकळा सापडला. त्याने डोक्याने चेंडू उलट दिशेला, गोलरक्षक नवासच्या आवाक्याबाहेर वळवला. १-०, आणि निकालही तोच राहिला.

बायर्नने त्या हंगामात स्पर्धेतले अकराच्या अकरा सामने जिंकले. असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. अकरा सामन्यांत ४३ गोल, त्यांतले १५ लेवांडोव्हस्कीचे. हे विजेतेपद अर्धंमुर्धं होतं, त्याच्यापुढे फुली मारावी, असं म्हणणारे आजही भेटतात. मला ते मुळीच मान्य नाही. सात सामने तर बायर्नने महासाथीआधी जुन्याच पद्धतीने जिंकले होते. फ्रेंच लीग लवकर बंद झाल्याने पॅरिसचा सराव बुडाला असं म्हणावं, तर तोच सराव बुडालेला फ्रान्सचाच लियॉन उपांत्य फेरीपर्यंत आला. एकाच सामन्याची लढत अधिक रंगते, असं युएफाचे अध्यक्ष अलेक्झांडर चेफेरिन यांनीही त्यानंतर बोलून दाखवलं. रंगत असेलही. पण दोन गावांमधली ये-जा काढून टाकली की ही स्पर्धा एखाद्या छोट्या विश्वचषकासारखी होते, आणि विश्वचषक आपल्याकडे आधीच आहे. उपांत्य फेरीपर्यंतच्या लढती दोन सामन्यांच्याच राहिल्या, हे बरं झालं. परक्या मैदानावरच्या गोलाचा नियम मात्र २०२१ मध्ये गेला.

एकाच ठिकाणी संघ बंद करून स्पर्धा उरकण्याची ही रीत आपल्या दारापर्यंतही आली. २०२०-२१ ची पूर्ण इंडियन सुपर लीग फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या गोव्यातल्या तीन मैदानांवर प्रेक्षकांविना झाली आणि मुंबई सिटीने ती जिंकली. त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा हा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या साखळी फेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. त्याच्या गटाचे सगळे सामने मडगावच्या फातोर्ड्यालाच झाले. कतारचा अल रय्यान, अमिरातीचा अल वाहदा, इराणचा पर्सेपोलिस असे संघ मडगावात येऊन खेळून गेले. गोव्याने अल रय्यानला बरोबरीत रोखून या स्पर्धेतला देशाचा पहिला गुण मिळवला. मडगावच्या फुटबॉलवेड्या माणसाला तो सामना आपल्याच गावात टीव्हीवर पाहावा लागला.

इस्तंबूलला भरपाई म्हणून २०२१ चा अंतिम सामना मिळाला होता. पण ब्रिटनने तुर्कस्तानला प्रवासबंदीच्या यादीत टाकलं आणि अंतिम फेरीतले दोन्ही संघ इंग्लिश निघाले, त्यामुळे तो पोर्तोला गेला. अतातुर्क स्टेडियमवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना अखेर १० जून २०२३ रोजी झाला. मँचेस्टर सिटीने इंटर मिलानला १-० असं हरवलं, आणि दोन्ही क्लबांचे हजारो पाठीराखे प्रवास करून तिथे आले होते.