लासलगावात भाव फुटतो

लासलगावच्या बाजार समितीत गाड्या मोजत नाहीत, नग मोजतात. ट्रॅक्टर असो की पिकअप, कांदा भरून फाटकातून आत आला की तो एक नग. आज किती नग, हा इथला सकाळचा पहिला प्रश्न आणि भाव कसा फुटला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर रांगा बघून कुणीही देतो. दुसऱ्यासाठी लिलावाचा पुकारा सुरू व्हावा लागतो. तोवर शेतकरी ट्रॉलीवर बसून असतात, रात्री निघालेले तिथेच आडवे झालेले असतात आणि चहावाल्यांचा धंदा तेजीत असतो.

संपादकांनी मला पाठवलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. १ एप्रिल २०२५ पासून कांद्यावरचं निर्यात शुल्क उठलं, तर गावाला त्याचा काय फरक पडला ते बघून या, असं काम होतं. ते केलं, पण माझा बराचसा वेळ गेला लिलावाच्या रांगेमागून चालण्यात.

गावाचा इतिहास थोडक्यात आटपतो. निफाड तालुक्यातलं हे गाव. होळकरांच्या नावाने ओळखला जाणारा एक भुईकोट आहे, शेजारी विंचूरकरांचं विंचूर आहे. गावाचं नशीब मात्र किल्ल्याने नव्हे, रुळांनी उघडलं. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे नाशिकहून मनमाडच्या दिशेने गेली, तेव्हा लासलगावला स्टेशन झालं आणि आजूबाजूच्या काळ्या जमिनीतला माल दूरवर जाऊ लागला. १९४७ मध्ये बाजार समिती स्थापन झाली. ‘आशियातली सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ’ हे बिरुद गाव अजून अभिमानाने मिरवतं, जरी पिंपळगाव बसवंतशी आता चांगलीच चुरस असली तरी. देशभरच्या बातम्यांत कांद्याचा भाव म्हणून जो आकडा येतो, तो बहुधा इथलाच असतो.

हा आकडा तयार कसा होतो, ते पाहण्यासारखं आहे. रांगेत उभ्या नगांच्या कडेने व्यापाऱ्यांचा घोळका सरकतो, सोबत समितीचा पुकारा करणारा आणि लिहून घेणारा. एका ट्रॉलीपाशी थांबणं म्हणजे फार तर मिनिटभर. एक जण कांदा उचलून मानेशी अंगठा दाबतो. मान मऊ लागली तर माल ओला, टिकणार नाही. दुसरा पत्ती बघतो, रंग बघतो, तिसरा हात खोल घालून खालचा कांदा वर काढतो. तेवढ्यात आकडे सुरू झालेले असतात, क्विंटलचे, कधी पाचाने चढणारे तर कधी पंचविसाने. पुकारा करणाऱ्याची नजर एकाच वेळी दहा चेहऱ्यांवर. कुणी भुवई हलवली, कुणी नुसती मान वळवली, त्याला सगळं कळतं. बोली अडली की तो शेवटचा आकडा दोनदा-तीनदा म्हणतो, शेतकऱ्याकडे बघतो आणि नाव लागतं. शेतकऱ्याला नको म्हणण्याचा हक्क आहे. पण ट्रॅक्टरचं डिझेल जाळून आलेला माणूस तो कितीदा वापरेल?

चार-पाच महिन्यांचं पीक आणि मिनिटभराचा सौदा. हे मला आधी क्रूर वाटलं. मग त्याच रांगेत पाहिलं, की एकाच गावच्या दोन ट्रॉल्यांच्या भावात दोनशे रुपयांचा फरक पडला आणि दोन्ही शेतकऱ्यांनी तो निमूट मान्य केला. मोठा कांदा, गोल्टा, गोल्टी, खाद अशी प्रतवारी त्यांच्याही डोळ्यांत तितकीच पक्की असते. घोळक्याची पारख खरी आहे, एवढं मानायला हवं.

पण पारख होते ती मुख्यतः वरच्या थराची. खरी परीक्षा पुढे, व्यापाऱ्याच्या खळ्यावर. भुईकाट्यावर वजन करून नग तिथे जातो, माल ओतला जातो आणि पोटातला कांदा उजेडात येतो. वर चांगला, आत ओला किंवा कोंब आलेला निघाला, तर व्यापारी वांधा काढतो. भाव कमी करा, नाहीतर माल परत भरा, असं त्याचं म्हणणं. वरून खालपर्यंत एकच माल आहे, असं शेतकऱ्याचं. मिटलं नाही तर समितीचा माणूस येतो, ढीग बघतो, दोघांचं ऐकतो आणि मधला आकडा काढतो. हा मधला माणूस मला सगळ्या यार्डात सर्वांत अवघड जागी उभा दिसला. त्याच्या हातात कसलंही यंत्र नाही. दोन्ही पक्ष रोजचे, दोघांशी उद्याही गाठ आहे. निकाल असा द्यायचा, की दोघेही कुरकुरतील पण दोघेही परत येतील.

शेतकरी एक गोष्ट हमखास सांगतात: सकाळी चढा गेलेला भाव दुपारी उतरला, की वांधे वाढतात. सकाळी महाग घेतलेल्या कांद्यात दुपारी खोट दिसू लागते. व्यापाऱ्यांकडे याचं उलटं गाऱ्हाणं आहे: भाव चढले की ट्रॉलीच्या तळाला काय काय सापडतं. दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं असावं.

खळ्यावरचं काम बायकांचं. ओतलेल्या ढिगाभोवती बसून त्या निवड करतात, सडका बाजूला, गोल्टी वेगळी. मग गोण्या भरल्या जातात आणि ट्रक नाहीतर रेल्वेचा रेक भरतो. हमाल, मापारी, गोण्यावाले, ताडपत्रीवाले, वडापाववाले, सगळ्यांची चूल नगांच्या संख्येवर पेटते. पूर्वी अमावस्येला लिलाव बंद असत. त्या दिवशी गावच सुस्तावायचं. कापड दुकानदाराला सरासरी भाव विचारा, तो समितीच्या फलकाइतकाच बिनचूक सांगेल.

आता कांद्याचं गणित. खरिपाचा लाल पोळ कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा, हे दोन्ही काढले की विकायचे; ते टिकत नाहीत. टिकतो तो मार्च ते मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदा. तो चाळीत जातो. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, फटी ठेवलेली, हवा खेळती राहील अशी अरुंद, लांबट खोली. तिथेही वजन घटतं, काही सडतो, पावसाळ्याच्या अखेरीस कोंब फुटतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने कोंब रोखायला इथे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कोंब थांबतो खरा, पण सड आणि घट थांबत नाही. त्यामुळे कांद्यासाठी बांधलेल्या या केंद्राचं नाव झालं ते आंब्यामुळे: २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूस इथून किरणं घेऊन गेला.

म्हणजे चाळ ही मुळात पैज आहे. आज हजाराने देऊ की सप्टेंबरपर्यंत थांबू? ही पैज हवामानाशी असती तर लोकांनी पचवली असती. पण गेल्या काही वर्षांत ती दिल्लीशी लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये उठली; सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं, ८ डिसेंबरला सरळ बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, ४० टक्के शुल्क राहिलं; सप्टेंबरात ते २० टक्क्यांवर आलं. या तारखा इथल्या माणसांना मुलांच्या वाढदिवसांसारख्या पाठ आहेत.

दिल्लीला कांद्याची भीती का वाटते, हेही उघड आहे. १९९८ मध्ये भाव भडकले आणि दिल्ली राज्यातलं सरकार निवडणुकीत गेलं, ते कुठलाच पक्ष विसरलेला नाही. भाव पडतात तेव्हा मात्र तशी घाई दिसत नाही. १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ऊस आणि कांद्याच्या भावासाठी याच पट्ट्यात रस्ते आणि रेल्वे अडवली. २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे हाती आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांना मनिऑर्डरने धाडले. खळ्यावरच्या वांध्यात निदान समोर ढीग असतो आणि मधला माणूस असतो. बंदीचा आदेश रात्री निघतो, सकाळी भाव कोसळतो, आणि माल परत भरून न्यायची सोय नसते, कारण घरची चाळ आधीच गळायला लागलेली असते.

आणि शुल्क उठल्याने काय फरक पडला? संपादकांना सांगितलं ते असं: भाव फारसा हलला नाही. आपला माल कधी थांबेल याचा नेम नाही, हे बाहेरच्या गिऱ्हाइकांना पुरतं कळलंय. बांगलादेश हा आपला मोठा खरेदीदार. तो स्वतःचं पीक वाढवतो आहे आणि दुसरीकडेही विचारतो. बंद दुकान उघडलं म्हणून गेलेलं गिऱ्हाईक लगेच परत येत नाही, हे लासलगावच्या कुठल्याही वाण्याला समजावून सांगावं लागत नाही.

तरी लागवड थांबत नाही. पावसाळा सरता सरता उन्हाळ कांद्याच्या रोपवाटिका पडतात. पुष्कळ शेतकरी घरचेच डोंगळे लावून बी धरतात. ज्यांचं धरलं नाही ते विकत घेतात. इथे उळ्याचा, म्हणजे कांद्याच्या बियाचा, सौदा पायलीने होतो. कांदा कवडीमोल गेलेल्या वर्षीही उळ्याची पायली काही स्वस्त होत नाही. यंदा ती कितीला, यावरून चहाच्या टपरीवर दोघांची जुंपली होती आणि त्यातल्या एकाचा नग अजून लिलावाच्या रांगेत उभा होता.