कोय फेकू नका, पण ओलीही ठेवू नका

आंबा चोखला की कोय उकिरड्यावर. आमच्या कंधारकडच्या गावरान आंब्याला तर रसाच्या मानाने कोयच मोठी. पण माता-भगिनींनो, कोयीतली बी हे अन्न आहे. वाळलेल्या 100 ग्रॅम बीमध्ये साधारण 6 ग्रॅम प्रथिने, 10 ग्रॅमच्या आसपास चरबी. उरलेला बहुतेक भाग पिठूळ. युरोपच्या 2000 सालच्या नियमानुसार चॉकलेटात ज्या सहा वनस्पतींची चरबी चालते, त्यांत आंब्याची बीही आहे. आपण फेकतो ते साहेबाची पोरे चघळतात!

कोय धुऊन कडक उन्हात वाळवावी, फोडून बी काढावी, तपकिरी साल सोलावे. बीचा तुरटपणा प्रथिने नीट पचू देत नाही. म्हणून काप करून दोन दिवस पाण्यात ठेवावेत, पाणी बदलत राहावे, मग उकडून ते पाणी ओतून द्यावे. मीठ, जिरेपूड लावून वाळवले की जेवणानंतरची सुपारी झाली. वाळवून दळले तर मूठभर पीठ ज्वारीच्या पिठात चालते.

मात्र ओल राहिली तर घात होतो. ओडिशात काशीपूरला 2001 च्या पावसाळ्यात अशा बियांची पेज खाल्लेले वीसहून अधिक आदिवासी दगावले. सरकारने बुरशीकडे बोट दाखवले, कार्यकर्त्यांनी भुकेकडे. आम्हाला दोन्ही खरे वाटते. घरात दाणा असता तर बुरसलेली बी कोणी शिजवली असती? त्याच राज्यात, कंधमाल जिल्ह्यात, 2024 मध्ये पुन्हा असेच बळी गेले. बुरशीचे विष उकळूनही जात नाही. काळी पडलेली, कुबट वासाची बी जनावरांनाही घालू नये.